घरची पंगत
(प्रस्तावना)

एका शब्दावरून हे पुस्तक सुरू झालं, आणि तो शब्द अगदीच साधा होता: 'हटवलं'.

चंदीगडच्या आयटी पार्कातल्या एका कचेरीत मी मोबाइल ॲपमधली वाक्यं मराठीत आणण्याचं काम करतो. खिडकीतून शिवालिकचे डोंगर दिसतात, खाली किशनगढची दाटीवाटीची घरं. पलीकडच्या टेबलावर टांझानियातल्या टांगा शहराहून शिकायला आलेली एक मुलगी काही महिने स्वाहिलीचं काम बघत होती. ॲप बांधणाऱ्या पोरांनी आपल्या सोयीसाठी वाक्याचे दोन तुकडे केले होते. आधी वस्तूचं नाव, मागून 'डिलीटेड'. वस्तू कुठलीही असो, मागचा तुकडा तोच. मी कळवलं की मराठीत हे जमायचं नाही; फोटो हटवला, फाईल हटवली, चित्र हटवलं, तीन वस्तूंना तीन रूपं लागतात. उत्तर आलं की मराठी सोडून कुणाची तक्रार नाही. त्याच दुपारी टांगाच्या पोरीने आपली यादी पाठवली: 'पिचा इमेफुत्वा', 'उजुम्बे उमेफुत्वा', 'कियुंगो किमेफुत्वा'. चित्र, निरोप आणि दुवा. 'पुसलं गेलं' हे क्रियापद तिन्हीकडे एकच, पण त्याचं तोंड तीन तऱ्हांचं. मराठी क्रियापद शेपटी बदलतं, स्वाहिली क्रियापद डोकं बदलतं, एवढाच काय तो फरक. तक्रारदार दोन झाले म्हटल्यावर पोरांनी तुकडे जोडून दिले.

त्या दिवसापासून मी तिच्याकडून स्वाहिली शिकू लागलो. वयाने मी तिच्या दुप्पट, म्हणून ती रोज सकाळी मला 'शिकामोओ' म्हणायची. वडीलधाऱ्यांना करायचं हे अभिवादन. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते' असा सांगतात. उत्तरादाखल वडीलधाऱ्याने 'माराहाबा' म्हणायचं. आयटी पार्कात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाका मारत असताना कुणीतरी पाया पडतं आहे, याचं मला पहिले काही दिवस अवघडल्यासारखं व्हायचं. पुढे सवय झाली, आणि आता ती परत गेल्यावर सकाळी चुकल्यासारखं होतं.

नात्यांच्या शब्दांनी मात्र आमची बरीच फजिती केली. स्वाहिलीत 'बाबा' म्हणजे बाबाच, इथवर ठीक. पण 'मामा' म्हणजे आई, 'काका' म्हणजे भाऊ आणि 'दादा' म्हणजे बहीण. मी सांगितलं की आमचा दादा सणासुदीला नाशिकला येतो, तर तिने विचारलं, तिचे यजमान पण येतात का? आणि नणंदेला किंवा भावजयीला, म्हणजे बाईबाईंतल्या या नात्याला, स्वाहिलीत 'विफी' म्हणतात. रोमन लिपीत तो शब्द वायफायसारखाच लिहिला जातो, त्यामुळे 'इथे विफी फुकट आहे' ही पाटी तिच्या आईला फोटोत दाखवल्यावर टांगामध्ये बरीच हसाहस झाली म्हणे. पण गंमत बाजूला ठेवली की दिसतं, या भाषेला नाती आपल्यासारखीच तोलूनमापून लागतात. आईचा भाऊ तो 'म्जोंबा', वडिलांची बहीण ती 'शांगाझी'; मामा आणि आत्या यांची सरमिसळ करायची सोय नाही. वडिलांचा थोरला भाऊ 'बाबा म्कुब्वा' म्हणजे मोठे बाबा, धाकटा 'बाबा म्दोगो' म्हणजे छोटे बाबा. इंग्रजीच्या 'अंकल'मध्ये हे सगळे एकाच पोत्यात भरले जातात. तिथे मराठी आणि स्वाहिली दोघीही नाक मुरडतात.

मराठी माणसाला स्वाहिली पहिल्या आठवड्यात फार सोपी वाटते, आणि तोच धोका आहे. दुकान ते 'दुका', गाडी ती 'गारी', पैसा तो 'पेसा', साबण तो 'साबुनी', साखर ती 'सुकारी', लाख तो 'लाकी', चपाती ती चपातीच. आंब्याला 'एम्बे'. सरकारला 'सेरिकाली', खजिन्याला 'हाझिना', वकिलाला 'वाकिली', फलाण्याला 'फुलानी'. बंदर ते 'बंदारी', आणि कोळ्यांचा नाखवा तिकडे 'नाहोधा' होऊन जहाज हाकतो. 'साहिही' हा शब्द तर मला फारच आवडला: त्याचा अर्थ 'बरोबर' असाही होतो आणि कागदावरची 'सही' असाही, अगदी आपल्या 'सही'सारखा. पेरूला ते 'पेरा' म्हणतात, अननसाला 'नानासी'. अमेरिकेतली ही फळं पोर्तुगीजांनी दोन्ही किनाऱ्यांवर उतरवली आणि नावंही सोबत दिली. मान्सूनच्या वाऱ्यावर गलबतं जात-येत राहिली. त्यांतून कापड, हस्तिदंत, लवंग आणि माणसंही गेली-आली. शब्द त्यांच्या गाठोड्यात होते.

या गाठोड्यातल्या 'पेसा'ची कथा इथे, आयटी पार्कात बसून सांगण्यासारखी आहे. पूर्व आफ्रिकेत 1920 पर्यंत रुपया चालत होता, आणि त्याच्या मागोमाग आपला पैसा तिथल्या भाषेत कायमचा राहिला; रुपया गेला तरी 'पेसा' म्हणजे धन, हा अर्थ उरला. 2007 साली केनियात फोनवरून पैसे पाठवायची सोय निघाली, तिचं नाव 'एम-पेसा'. किराणा दुकानदारापासून मासे विकणाऱ्या बाईपर्यंत सगळे ती वापरू लागले. तीच सेवा 2013 साली व्होडाफोनने भारतात आणली आणि 2019 मध्ये बंद केली. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेला पैसा परदेशी नाव घेऊन माहेरी आला, आणि इथे त्याला कुणी ओळखलं नाही.

पंजाबचा या भाषेशी संबंध तर आपल्याहून जवळचा. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची युगांडा रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली गेली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर आणि कारागीर नेले, त्यांतले बहुतेक पंजाबातले. स्वाहिलीत शीख माणसाला आजही 'कालासिंगा' म्हणतात. कुणा काला सिंग नावाच्या व्यापाऱ्यावरून तो शब्द पडल्याचं सांगतात. मनीमाजऱ्यातले माझे घरमालक लहानपणी केनियात वाढले. नळ दुरुस्त करायला माणूस उशिरा आला की ते पंजाबीत बोलता बोलता मध्येच 'फुंदी' म्हणतात. फुंदी म्हणजे कारागीर. साठ वर्षं चंदीगडात काढूनही त्यांच्या तोंडी कारागिराला दुसरा शब्द आलेला नाही.

एवढे ओळखीचे शब्द पाहिले की वाचक म्हणतो, ही तर खिचडी भाषा आहे, अरबीत थोडं हिंदी मिसळलं आणि झाली स्वाहिली. हे मत फार जुनं आहे आणि शिकलेल्या लोकांच्या तोंडूनही ऐकू येतं. भाषेच्या नावाने त्याला बळ मिळतं, कारण 'साहिल' म्हणजे अरबीत किनारा, आणि 'सवाहिल' त्याचं अनेकवचन. हे पुस्तक मी मुख्यतः त्या मताशी भांडायला लिहिलं आहे. मराठी माणसाने तरी ते मत बाळगू नये. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तेव्हा दरबारी मराठीत फारसी शब्दांचा असा काही सुळसुळाट होता की त्यांना संस्कृत पर्याय देण्यासाठी अख्खा कोश लागला. म्हणून मराठी काही फारसी झाली नव्हती. 'बंदोबस्त' हा शब्द कुठूनही येवो, 'बंदोबस्ताला', 'बंदोबस्तातल्या' ही त्याची रूपं मराठीच्या चुलीवर शिजतात.

स्वाहिलीची चूल बांटू भाषाकुळाची आहे. ती कशी, हे सांगायला मला पंगतीचा दाखला बरा वाटतो. बांटू भाषेत प्रत्येक नामाला एका पंगतीत बसावं लागतं, आणि पंगत ओळखायची ती नामाच्या पहिल्या अक्षरांवरून. माणसांची पंगत 'म्' आणि 'वा': म्तू म्हणजे माणूस, वातू म्हणजे माणसं, म्तोतो मूल, वातोतो मुलं. झाडांची पंगत 'म्' आणि 'मि': म्ती, मिती. वस्तूंची आणि भाषांची 'कि' आणि 'वि': कितू वस्तू, वितू वस्तू अनेक. भाववाचक नामांची 'उ'. आणखीही आहेत, पुस्तकात त्या क्रमाने येतील. नाम एकदा बसलं की त्याच्याबरोबर आलेलं विशेषण, क्रियापद, दर्शक सर्वनाम, सगळे त्याच पंगतीतलं गंध लावून बसतात. 'किताबू किकुब्वा किमेआंगुका', मोठं पुस्तक पडलं. 'विताबू विकुब्वा विमेआंगुका', मोठी पुस्तकं पडली. इंग्रजी माणसाला हे शिकताना घाम फुटतो. आपल्याला 'मोठा खांब पडला, मोठी भिंत पडली, मोठं झाड पडलं' हे आईच्या मांडीवर बसून येतं. फक्त कान वाक्याच्या शेपटीकडून डोक्याकडे वळवायचा आहे.

वरच्या उदाहरणातला 'किताबू' पुन्हा बघा. तो अरबी 'किताब'. अरबीत त्याच्या अनेकवचनाला 'कुतुब' म्हणतात. स्वाहिलीने त्यातलं पहिलं 'कि' पाहिलं, हा आपल्याच 'कि' पंगतीतला दिसतो असं ठरवलं आणि अनेकवचन केलं 'विताबू'. इंग्रजीतल्या 'कीप लेफ्ट' या पाटीवरून वाहतुकीच्या चौकातल्या गोल बेटाला 'किप्लेफ्ती' नाव पडलं, तर दोन बेटं 'विप्लेफ्ती' झाली. पाहुण्याला जागा मिळाली, पण बसायची रीत यजमानाची. मराठीने तेच केलं आहे: बस आली, ट्रक आला, तिकीट मिळालं. कुठल्या इंग्रज माणसाने सांगितलं होतं की बस ही बाई आणि ट्रक हा पुरुष?

एक जागा अशी आहे की मराठी अनुवादक तिथे हमखास अडतो. स्वाहिलीत तो आणि ती हा भेद नाही. 'अमेकुजा' म्हणजे आला, किंवा आली. टांगाच्या पोरीने तिच्या भागातली एक चोराची गोष्ट सांगितली. शेवटी चोर सापडला तेव्हा मला कळलं की तो म्हातारी होती. मराठीत ही गोष्ट दुसऱ्याच वाक्याला फुटली असती.

'म्तू' हा शब्द हातात धरून आता नकाशावर फिरता येईल. लुगांडात माणूस 'ओमुंतू', माणसं 'अबांतू'. झुलूत 'उमुंतू' आणि 'अबांतू'. शोनात 'मुन्हू' आणि 'वान्हू', सोथोत 'मोथो' आणि 'बाथो', काँगो नदीवरच्या लिंगालात 'मोतो' आणि 'बातो'. एकोणिसाव्या शतकात विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने ही साम्यं जुळवली आणि कुटुंबाला नाव दिलं बांटू, म्हणजे नुसतं 'माणसं'. 1862 मध्ये त्याच्या तौलनिक व्याकरणाचा पहिला भाग आला. दक्षिण आफ्रिकेत पुढे वर्णद्वेषी राजवटीने हाच शब्द कायद्यांत घालून लोकांच्या कपाळी मारला, 1953 चा बांटू शिक्षण कायदा हा त्यातलाच. त्यामुळे तिथे माणसाला बांटू म्हणणं हा अपमान ठरतो. या पुस्तकात तो शब्द भाषांपुरताच आहे. याच धातूला 'उ' पंगतीत, भाववाचक पंगतीत, बसवलं की स्वाहिलीत 'उतू' होतं आणि झुलूत 'उबुंतू'. अर्थ माणुसकी. आमच्या इमारतीतल्या निम्म्या सर्व्हरांवर उबुंतू नावाची लिनक्स चालते, आणि ती चालवणाऱ्यांना वाटतं ते कुठल्या तरी कंपनीचं नाव असावं.

या कुटुंबात मोजणाऱ्याच्या हिशेबानुसार सुमारे 500 भाषा, आणि बोलणारे तीस कोटींच्या वर. उगमस्थान आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेच्या आसपास धरतात. तिथून चारपाच हजार वर्षांत शेती करणारी माणसं पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरत गेली आणि खंडाचा जवळजवळ सगळा दक्षिण अर्धा या भाषांनी व्यापला. अंगोलात उम्बुंदू आणि किम्बुंदू, झांबियात बेंबा, मलावीत चेवा, मोझांबिकच्या उत्तरेला मकुआ, रवांडा-बुरुंडीत एकमेकींना सहज समजणाऱ्या किन्यारवांडा आणि किरुंडी. दक्षिण आफ्रिकेच्या राजभाषांत नऊ बांटू आहेत. झुलू आणि खोसा यांनी शेजारच्या जुन्या खोइसान भाषांमधून जिभेचे टाळीसारखे ध्वनी उचलले. गाय हाकताना आपण जो 'ट्चक्' करतो तो तिथे शब्दाच्या आत व्यंजन म्हणून बसतो. पण आफ्रिकेतली प्रत्येक भाषा बांटू असं समजू नये. केनियातच लुओ आणि मसाई वेगळ्या कुळातल्या, सोमाली आणखी वेगळ्या.

स्वाहिली या पाचशेंपैकी एक, पण तिची गोष्ट निराळी झाली. बहुतेक बांटू भाषांत स्वरांच्या चढउतारावर अर्थ बदलतो, स्वाहिलीत तो बदलत नाही. त्यामुळे परक्याला ती लवकर येते. किनाऱ्यावरून ती व्यापारी तांड्यांबरोबर आत काँगोपर्यंत गेली. युनेस्कोच्या अंदाजाने आज तिचे बोलणारे 20 कोटींहून अधिक, पण जन्मभाषा म्हणून बोलणारे त्यातले थोडेच. बाकीच्यांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा. 7 जुलै 1954 रोजी, पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या न्येरेरे यांच्या टानू पक्षाने तिला स्वातंत्र्यलढ्याची भाषा केली, आणि तोच दिवस युनेस्कोने जागतिक किस्वाहिली दिन ठरवला. न्येरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरचं 'ज्यूलियस सीझर' स्वाहिलीत आणलं. देश चालवता चालवता नाटक भाषांतरित करणारा राष्ट्राध्यक्ष, हे मला त्यांच्या बाकी सगळ्या धोरणांपेक्षा जास्त लक्षात राहतं.

आता आपल्या घराकडे. आफ्रिका म्हटली की मराठी माणसाला मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी आठवतात. पण मलिक अंबर इथिओपियाचा. तिकडच्या भाषा सेमिटिक आणि कुशिटिक कुळातल्या, त्यांचा बांटूशी संबंध नाही. बांटू भाषा आपल्याकडे आल्या त्या जास्त करून मोझांबिक आणि झांजिबारच्या वाटेने, बऱ्याचदा गुलामांच्या तोंडून. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालायचा. त्यामुळेच आजवर ज्ञात असलेले सर्वांत जुने स्वाहिली कागद, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्व्याहून 1711 मध्ये अरबी लिपीत लिहिलेली पत्रं, गोव्याच्या पुराभिलेखागारात आहेत. स्वाहिलीचा सर्वांत जुना कागद बघायचा तर पणजीला जावं लागतं. यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दींच्या तोंडी आता कोकणी, मराठी आणि कानडी आहे. गुजरातेतल्या सिद्दींच्या नाचाला मात्र 'गोमा' म्हणतात, आणि बांटू भाषांत ढोलाला 'ङ्गोमा' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या भाषा गेली, ढोलाचं नाव राहिलं.

मी नाशिकचा. शाळेला जाताना रोज शरणपूर रोडवरून सायकल मारायचो, आणि शरण कोण आलं होतं हे विचारायचं कधी सुचलं नाही. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. इंग्रजी आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं, आणि सुटलेल्या मुलांपैकी अनेकांना मुंबईला उतरवायचं. त्यांतली बरीचशी शरणपूरच्या आफ्रिकन आश्रमात आली. सुतारकाम, लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकली. 1865 साली आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईत आला तेव्हा त्याने इथले नऊ तरुण आपल्या आफ्रिकेतल्या मोहिमेसाठी घेतले. पुढे शरणपूरचाच जेकब वेनराइट, याओ ही बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांतला, त्याच्या मदतीला गेला. 1 मे 1873 ला आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला. ज्या झाडाखाली त्याचं काळीज पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती जेकबने. कलेवर समुद्रापर्यंत वाहून नेणाऱ्यांत नाशिकची मुलं होती, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीसोबत जेकब चालला. नाशिकमध्ये मी त्याचं नाव शाळेत ऐकलं नाही. ते मला चंदीगडात, स्वाहिली शिकताना कळलं.

1875 मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वस्ती उभारली, मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने फ्रिअरटाउन. नाशिकहून गेलेली आफ्रिकी कुटुंबं तिथे शिक्षक, कारागीर, दुभाषे झाली. मोंबासात त्यांना 'बाँबे आफ्रिकन' म्हणत. आपल्याच किनाऱ्यावर ते मुंबईकर ठरले. वस्तीत एक घंटा टांगली होती. स्वाहिलीत घंटेला 'केंगेले', आणि 'नी' हा आपल्या 'त'सारखा किंवा 'शी'सारखा स्थलवाचक प्रत्यय. न्युंबा म्हणजे घर, न्युंबानी म्हणजे घरात. मोंबासाच्या त्या भागाला आजही 'केंगेलेनी' म्हणतात: घंटेपाशी.

शेवटी पुस्तक वापरायचं कसं, ते. स्वाहिली आज रोमन लिपीत लिहितात, पूर्वी अरबीत लिहीत. मी ती देवनागरीत दिली आहे, कारण मराठी वाचकाला रोमनची गरज नाही. पाच स्वर आपल्यासारखेच आहेत आणि अक्षर लिहावं तसं उच्चारायचं. जोर नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर द्यावा. वेळ मोजताना सावध राहा: दिवसाचा पहिला तास सूर्योदयानंतर, म्हणजे आपले सात, म्हणून कुणी 'सा तातू', तिसऱ्या तासाला, या म्हटलं तर नऊला जायचं. अरबीतून आलेले दोनतीन ध्वनी आपल्याकडे नाहीत, त्यांच्याखाली टिंब दिलं आहे. उलट एक अक्षर असं आहे की ते आपल्या पाटीवर बिचारं उगाच बसून असतं. क, ख, ग, घ म्हणून झालं की बाई थांबायच्या, आणि आम्ही सगळे मिळून ओरडायचो 'ङ'. मग ते अक्षर वाङ्मयापलीकडे जन्मात भेटायचं नाही. स्वाहिलीत शब्द त्याच्यापासून सुरू होतात. पहिला धडा त्यातल्याच एकाने उघडतो: ङोंबे, म्हणजे गाय.

आयटी पार्क, चंदीगड